किल्ल्याखालचा दगड

बाबा, यंदाच्या दिवाळीत किल्ल्यावरून पुन्हा भांडण झालं, आणि या वेळीही मी माघार घेतली नाही. आपली लालबागची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, तरी पोरांची किल्ल्यांची स्पर्धा चालू आहे. आता ती पार्किंगमध्ये होते एवढंच.

माझा तो किल्ला तुम्ही विसरला नसाल. आठवा, मी सहावीत आहे. जिन्याखाली माती थापून, आळीव पेरून मी डोंगर केलाय. शेंड्याला खड्डा करून त्यात भुईनळा पुरते आणि पेटवते. ठिणग्या उडतात, चाळ टाळ्या वाजवते, आणि तेवढ्यात तुम्ही कॉटन ग्रीनच्या गोदामातून दमून येता. "हे काय थेर चाललेत? महाराजांना आगीत बसवणार काय गं?" मी म्हणते, "बाबा, ज्वालामुखी आहे हा." तुम्ही चपलेने तो सपाट करता, सगळ्यांदेखत. पुढे मी भूशास्त्र घेतलं तेव्हाही तुमचं तेच. पोरीच्या जातीने डोंगरात दगड फोडत फिरायचं? मी फिरले, आणि खूप फिरले. तुम्ही मात्र जाईपर्यंत माझ्या कामाबद्दल अवाक्षरानेही विचारलं नाहीत.

माझा ज्वालामुखी चुकलाच होता, पण तुम्ही म्हणालात त्या कारणाने नाही. जमिनीत खूप खोल तापलेला खडक हळूहळू वर सरकतो. वरचा दाब कमी होत जातो तसा तो थोडा थोडा वितळतो. हा शिलारस आजूबाजूच्या दगडापेक्षा हलका, म्हणून वर चढत राहतो, वाटेत कुठे साठतो. त्यात मुरलेले वायू, सोड्याची बाटली उघडल्यावर फसफसतात तसे सुटतात आणि त्याला आणखी वर रेटतात. पुस्तकातल्या चित्रात तो डोंगराच्या तोंडातून उडतो. आपल्याकडे जमिनीलाच लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तो पातळ रस वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. असा थरावर थर चढून सह्याद्रीचा दगड झाला. ज्या किल्ल्यांच्या मानासाठी तुम्ही माझा किल्ला तुडवलात, ते त्याच थिजलेल्या आगीवर उभे आहेत. महाराज आगीवरच बसले होते, बाबा.

यंदा लेकीला मी हेच करून दाखवलं. मातीच्या थराखाली शेकायची रबरी पिशवी ठेवली, उघडं तोंड आत आणि मागची बाजू बाहेर, तिच्यात गेरूचं पाणी. लेकीने पिशवी दाबली तशी माती फुगली, तडकली आणि भेगेभेगेतून लाल पाणी पसरलं. पोरं किंचाळली. सोसायटीचे सेक्रेटरी आले. "मॅडम, यात बुरूज कुठाय? स्पर्धेत नाय बसत हे. काढून टाका." लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "काका, नंबर देऊ नका. पण याला कुणी हात लावायचा नाही." माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण ते दोन पावलं मागे सरले. नंबर आला नाही. किल्ला अजून तिथेच आहे.

हे पत्र मी कुठेही टाकणार नाही. माफी मागत नाही, तुमच्याकडूनही नको. फक्त एक कबूल करते. हेच सगळं मी कॉलेजात वर्षानुवर्षं जड शब्दांत शिकवते. आज पहिल्यांदा इतकं सोपं करून लिहिलं, कारण तुम्ही चौथीत शाळा सोडली होतीत, आणि तुम्हाला ते समजावं असं मला अजूनही वाटतं.