मोज्यातली कुसळं

रविवार, डिसेंबर. मुलुंड, संध्याकाळ.

अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा एकटा डोंगर चढून आलो. पण आनंद कुठला! घरी सांगून गेलो होतो, बोरिवलीला मित्राकडे जातो. खरं सांगितलं असतं तर सोडलं असतं का कोणी?

थंडीत वाळलेल्या गवतात गुरांची वाट होती, तीच पायवाट समजून चालत राहिलो. लाकडं वेचणारी एक बाई मागून ओरडली, "ओ बाबा, फिरा मागं! पुढं कडा हाय!" चार पावलं राहिली होती. फक्त चार. आणि घरचे मला शोधायला बोरिवलीला गेले असते.

घरी सूनबाईने मोज्यातली कुसळं पाहिली. "बाबा, बोरिवलीत एवढं गवत कधीपासून वाढलं हो?"

मग सगळं सांगितलं. ती एकेक कुसळ काढत राहिली. शेवटी म्हणाली, "विनयला यातलं काही सांगू नका हां. तो तुम्हाला गेटबाहेरही एकटं सोडणार नाही."

ती चार पावलं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आणि वर हे काय करून बसलो? गुणी पोर, तिला माझ्यापायी नवऱ्यापासून लपवायला लावलं. नाही, उद्या चहाच्या वेळी मीच विनयला सांगतो. डोंगर सुटला तर सुटला.