पिझ सुरालची उत्तरेकडची घळ

९ जानेवारी

माघार! तीन तास चढून पिझ सुराल शिखराच्या खिंडीत पोहोचलो. खाली स्कीवरून उतरायची ती उत्तरेकडची घळ — एकाही स्कीची रेघ न उमटलेली. बाल्सर म्हणाला, "हो." नेसा म्हणाली, "नाही."

संपले. आमचे नियम स्पष्ट आहेत: वाटाड्या घ्यायचा नाही. वयाने मोठ्याने शेवटी बोलायचे. एकाने "नाही" म्हटले की तिघांनीही वळायचे. कारण विचारायचे नाही. नियम मीच लिहिले आहेत, आणि त्यांत पळवाट ठेवलेली नाही.

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांना हा एकच हिवाळा दिला आहे. ही घळ गेली वीस वर्षे मी घराच्या खिडकीतून पाहतो आहे. बाल्सरला त्याचे काय! चाळीस वर्षे रोपवेची चाके दुरुस्त केलेला माणूस. "मास्तरा, घळ कुठं पळून जात नाही. अक्रोडाचा केक मात्र संपेल."

२२ जानेवारी

हिमस्खलनाचे आजचे निवेदन: धोक्याची पातळी पाचांपैकी तीन. पहिल्याच वाक्यात कर्ता एकवचनी, क्रियापद अनेकवचनी. कोणाला लाज नाही.

५ फेब्रुवारी

संपूर्ण आराखडा नव्याने केला. निघणे पहाटे पाच. साडेदहानंतर घळीत पाऊल नाही. उतार पस्तीस अंशांच्या वर असेल तर जायचे नाही. घळीच्या सर्वांत तीव्र भागात, नकाशावरच्या एका सेंटिमीटरात, उंचीच्या आठ रेषा. म्हणजे बत्तीस अंश. भिंगाखाली दोनदा मोजल्या. हल्ली नकाशे फारच फिकट छापतात.

दोघांना नकाशासह प्रती दिल्या. नेसा तिचा कागद बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, एकदा वाटाड्याला दाखवू या का?"

"मग वाटाड्याबरोबरच जा!" मी म्हणालो. आवाज चढला, हे मान्य.

सुईण होती ती. दरीतली अर्धी मुले तिच्या हातांत जन्मली. म्हणून काय नकाशाही तिलाच कळतो?

१८ फेब्रुवारी

दुसऱ्यांदा "नाही"!

खिंडीत आकाश आणि बर्फ एकाच रंगाचे झाले होते. मी घळ पाहण्यासाठी कडेकडे दोन पावले टाकली, तोच नेसा ओरडली, "मास्तर! तिथंच थांबा! पुढं बर्फाचा छज्जा आहे, खाली पोकळ!" जणू मी शाळकरी पोर! कड अजून पुष्कळ लांब होती.

बाल्सरने थट्टा केली नाही. तेही खटकले.

खाली आल्यावर नेसाने आराखड्याची प्रत परत दिली. मी न पाहता खणात टाकली.

१९ फेब्रुवारी

नियम का लिहिला, ते मला ठाऊक आहे. धाकटा भाऊ, दुरी. छत्तीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका घळीच्या तोंडाशी तो म्हणाला, "दादा, मला नको वाटतंय."

मी विचारले, "कारण?"

त्याला ते सांगता आले नाही. मी म्हणालो, "कारण नाही, तर चल."

तो सापडला तो चौथ्या दिवशी.

ठाऊक आहे. तरीही राग जात नाही.

६ मार्च

तिसऱ्यांदा. पातळी एक, ऊन स्वच्छ, तरी "नाही".

संध्याकाळी बाल्सर बार्लीचे सूप घेऊन दारात. "तिच्यावर रागावू नकोस रे."

"मग कोणावर रागावू?"

त्याने भांडे माझ्या हातात दिले. "सूप गार होतंय बघ," एवढेच म्हणाला आणि गेला. हे काय उत्तर झाले?

२१ मार्च

दुपारी कात्री शोधताना खणात नेसाची प्रत हाती लागली. तीव्र भागातल्या रेषांशेजारी पेन्सिलीची बारीक टिंबे. दहा.

चूक तिचीच, असे समजून मी पुन्हा मोजल्या. आठ. खिडकीतल्या उन्हात नेऊन, मोठ्या भिंगाने मोजल्या — नऊ. मग टिंबांवर बोट ठेवत, एकेक.

दहा. म्हणजे अडतीस अंश. म्हणजे माझ्याच आराखड्याप्रमाणे तिकडे जायचेच नव्हते.

कागदावर तिने एक शब्दही लिहिलेला नाही. बाल्सरलाही माझ्या डोळ्यांचे ठाऊक असणार. आणि तो छज्जा — तो किती लांब होता?

२३ मार्च

खिंडीत पोहोचलो. ऊन स्वच्छ. रीत मोडून आज मी सर्वांच्या आधी बोललो: "नाही."

कोणीही कारण विचारले नाही.

उतरताना माझा नकाशा नेसाच्या पिशवीत होता.