मासोळ्यांसाठी ड्रायव्हर

आई, चौक गावची ती बाई आली होती, जिच्या लग्नाच्या ब्लाउजवर तू मासोळ्या भरल्या होत्यास. आता तिच्या मुलीचं लग्न आहे. "तुझ्या आयशीच्याच मासोल्या पायजेत, दुसऱ्या न्हाय," म्हणाली. ब्लाउज केव्हाच विरला. नक्षी उरली असली तर तुझ्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणून तो माळ्यावरून काढला. सिस्टीम नव्याने टाकावी लागली, पण तुझ्या फायली शाबूत राहिल्या. पडद्यावर मात्र सगळं फुगलेलं, रंग मोजकेच, आणि तुझा नक्षीचा प्रोग्रॅम उघडेचना. मी वैतागून बटणं दाबत सुटलो. आणि गोडदेवचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. ओट्याशेजारच्या याच पडद्यापुढे तू पिठाच्या हातांनी उभी आहेस, बाजूला डिक्शनरी उघडी, आणि ओरडतेयस, "दाबू नकोस रे! आधी ते काय म्हणतंय ते वाच." मग वाचलं. प्रोग्रॅमला जास्त रंग हवे होते, आणि त्यासाठी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर रंग उमटवणारं ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम.

कार्ड बनवणारी कंपनी बंद पडलेली. काशीमीऱ्याचा दुरुस्तीवाला म्हणाला, "इसका ड्राइवर अब कहाँ मिलेगा? भंगार में दे दो." घरी येऊन कार्ड बाहेर काढलं, धूळ पुसली, तर मधल्या चिपवर बारीक नंबर. तोच नेटवर शोधला. कुठल्याशा परक्या माणसाने असे जुने ड्रायव्हर जपून ठेवलेत, कशासाठी कोण जाणे. पहिला टाकला, पडदा काळा झाला. दुसऱ्याने तो लुकलुकला आणि लख्ख झाला.

नक्षी उघडली. मासोळ्यांची रांग डावीकडे तोंड करून, एकच उजवीकडे. तू आणि अशी चूक? प्रिंट घेऊन चौकला गेलो, बाईला विचारलं. ती हसली. "चूक न्हाय ती. माहेर सुटतंय म्हनून मी रडत व्हते. तुझी आय बोलली, एक मासोली घराकडं तोंड करून ठेवते, कुनाला कलनार न्हाय."

मला टाके येत नाहीत, ब्लाउज मशीनवर भरून घेतला. उलटी मासोळी तशीच ठेवली. बाई तिच्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिली.

हे तुझ्याच कॉम्प्युटरवर लिहितोय, पाठवायचं कुठेच नाही. माहेरची रत्नागिरी सोडून इथे आलीस तेव्हा तू रडली होतीस का, हे मला माहीत नाही.