काडी कोणी विझवली

बाबा, माझी छाती ठणठणीत आहे. आधी हे सांगून टाकते, बाकीचं मागाहून.

आजोबा सत्तेचाळिसाव्या वर्षी धाप लागून गेले, तुम्ही शेहेचाळिसाव्या. दोघंही मिलमध्ये कापूस पिंजायच्या एकाच खात्यात. तरी मिलचे डॉक्टर म्हणाले, ‘खानदानी आहे, रक्तातच आहे’, आणि तुम्ही तेच खरं धरून बसलात. त्यांच्याकडूनच एक तपासणी शिकून आलात. दर रविवारी मला चुलीपाशी उभं करायचं, वीतभर अंतरावर पेटती काडी धरायची. ‘तोंड उघडं ठेव, ओठ नको जुळवू. हं, फुक!’ आई कावायची, ‘पोरीची छाती पाहून राहिले का काडीपेटी संपवून राहिले?’ काडी विझली की तुम्ही असे खूश, जणू मी मॅट्रिक झाले. मला तेव्हा नुसता राग यायचा. रविवार तुमचा बरा जायचा, आणि सोमवारी मिलमधून आलात की भुवयांवर कापूस आणि छाती आवळलेली. आई चिडवायची, ‘सोमवार आला का तुह्या बाबाचा दम गेला!’ आपण तिघंही हसायचो. काय मूर्ख होतो आपण!

शेवटच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, ‘मले माफ कर, पोरी. घर नाही, जमीन नाही, अन् हे मात्र तुले देऊन राहिलो.’ मी वीस वर्षांची. माफ केलं, असं म्हणायला काय जात होतं माझं? पण म्हटलं नाही. खरंच राग होता हो.

यंदा पंचेचाळीस लागलं आणि शाळेचा जिना चढताना मला धाप लागायला लागली. मी हबकलेच. तुमच्या नातवाचं आता कुठे कॉलेज सुरू झालंय. त्याच्याकडे पाहिलं की वाटायचं, यालाही हेच देऊन बसले का? दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, असा एक दोष रक्तातून खरंच उतरतो, फुप्फुसं अकाली म्हातारी होतात. रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्टला दीड महिना लागला.

काल रिपोर्ट आला. काही नाही! वडिलांत तो दोष असता तर निम्मा तरी माझ्यात आलाच असता, म्हणाल्या. म्हणजे तुमच्यातही नव्हता. तो कापसाचा धुरळा होता, बाबा. रक्ताला सोमवार थोडाच कळतो? मग धाप कशाची, विचारलं, तर म्हणे वजनाची. ज्यांच्यात दोष असतो त्यांचं काय, हेही विचारलं. परदेशात खटपट चाललीय म्हणे. पुढेमागे चांगलं जनुक बाहेरून शरीरात घालतील आणि आजार व्हायच्या आधीच थोपवतील. कधी, तर नातवंडांच्या काळात. होवो बापा, कोणाच्या तरी लेकराचं भलं होवो. मी थेट सीताबर्डीला गेले, पावभर संत्रा बर्फी घेतली आणि रस्त्यात उभी राहून अर्धी खाल्ली. वजन गेलं खड्ड्यात. डोळ्यांना धार लागली होती, लोक पाहत होते, पाहू दे.

तुम्ही मला काहीच वाईट दिलं नव्हतं. माफी मागायला हवी होती ती मीच. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून मोकळी होते. जायच्या आदल्या दुपारी तुम्ही काडी मागितलीत, स्वतःसाठी. मी धरली. तुम्ही तोंड उघडून फुंकलंत, ज्योत हललीसुद्धा नाही. मग ती विझली आणि तुम्ही हसलात. ‘पाह्य, छाती बेस हाये,’ म्हणालात, पण पाहत माझ्याकडे होतात. ‘तुमचीच,’ मी म्हटलं. खोटं बोलले, बाबा. फुंकर माझी होती.