देठासकट पान

दादा,

तू मला दगडूबाई म्हणून चिडवायचास ना? आता त्याचाच पगार मिळतो मला, दगडात उमटलेली जुनी पानं शोधायचा!

खाणीतली फरशी उचलण्याआधी तिच्यावर खडूने उत्तरेचा बाण काढायचा असतो. त्याशिवाय, जिच्या गाळाचा हा दगड झाला ती जुनी नदी कुणीकडे वाहत होती, ते कळत नाही. आज कडेला एक देठ दिसला आणि मी बाण न काढताच फरशी उचलली. "घालवलीस ना दिशा!" साहेब ओरडले. मग फरशी बघून तेही गुडघे टेकून खाली बसले.

खाली काटक्यांचा नुसता चुरा होता, पुराने एकाच दिशेला लोटलेला. वर मऊ गाळाचा दगड आणि त्यात अख्खं पान, एकही शीर न तुटलेलं. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी, पूर ओसरल्यावर, त्याच नदीने ते संथ पाण्यात अलगद ठेवलं होतं.

पुरात तू गेलास, सापडलाच नाहीस. तेव्हापासून मी नदीचं तोंड पाहिलेलं नाही. आई अजून विचारते, "त्याला फार लागलं असेल का गं?" मी दरवेळी विषय बदलते.

साहेबांना विचारून आज पान घरी नेतेय. आईच्या हातात ठेवीन, आणि ती विचारेपर्यंत शेजारी बसून राहीन. यावेळी विषय बदलणार नाही.

तुझीच,
दगडूबाई