सातव्या रिळातली उडी

रविवार, ४ मे

आज लोकांनी रिकाम्या स्वयंपाकघराला टाळ्या वाजवल्या.

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही. या गावातला आणि ऑपरेटर म्हणून या थिएटरातला माझा हा पहिला रविवार. इथे गेली अडतीस वर्षं दर रविवारी सकाळी दहाला एकच सिनेमा लागतो. त्याचं नाव कुणी घेत नाही. ‘आपला सिनेमा’ म्हणतात, कारण त्याचं शूटिंग याच गावात झालं. आधीच्या ऑपरेटरचे हात थरथरायला लागले म्हणून ते घरी बसले, आणि मालकाने तेवढ्यात जुनी रिळं बंद करून कंपनीकडून डिजिटल कॉपी मागवून घेतली. आज ती पहिल्यांदा लागली.

दोनेकशे माणसं होती. सगळ्यांना सगळं पाठ. पडद्यावरचा बाप तोंड उघडायच्या आत त्याचं वाक्य खालून ऐकू येतं. मला गंमत वाटत होती. मग मध्यांतरानंतर नायक पुलाकडे धावत सुटतो, आणि पुढचा शॉट थेट स्वयंपाकघराचा. ओटा, पातेलं, उघडी खिडकी. माणूस कुणी नाही.

थिएटर एकदम गप्प झालं. दहा-पंधरा सेकंद. आणि मग टाळ्या. सगळ्यांच्या, एकदम.

मी केबिनच्या झरोक्यातून खाली पाहिलं. कुणी हसत नव्हतं. कुणी शेजारच्याकडे बघतही नव्हतं. टाळ्या थांबल्या आणि सगळे एका सुरात बोलले — “आला का वर? कुणीतरी बघा, आला का तो वर?”

पडद्यावर पातेल्यातून वाफ येत होती. हे वाक्य सिनेमात नाही. संध्याकाळी कॉपी दोनदा तपासली. नाहीच.

बुधवार, ७ मे

डोअरकीपरकाकांना विचारलं. या दारावर तिकिटं फाडता फाडता त्यांचे केस पांढरे झालेत. थिएटरातलं त्यांना माहीत नाही असं काही नाही.

“नव्या कॉपीत उडी नाही,” एवढंच म्हणाले.

कसली उडी?

“होती एक. आमच्या रिळात होती.” मग म्हणाले, “शिवणमावशी रविवारी अर्ध्यातून उठून गेली. आजवर असं कधी झालं नव्हतं.”

शिवणमावशी म्हणजे समोरच्या गल्लीत कपडे अल्टर करून देणाऱ्या बाई. साठी उलटलेली. अख्खं गाव त्यांना मावशी म्हणतं. पुढे काही विचारायच्या आत काका बॅटरीचे सेल बदलायला निघून गेले.

गुरुवार, ८ मे

आईला टाळ्यांचं सांगितलं. तिला काही विशेष वाटलं नाही. “सवय असते गं. तुझे बाबा गेल्यावर मी वर्षभर दोन कप चहा टाकत होते. एक ओतून द्यायचे.”

रविवार, ११ मे

आज मी मुद्दाम घड्याळ लावून बसले. नायक धावला. स्वयंपाकघर आलं. गप्प. अकरा सेकंदांनी टाळ्या. “आला का वर?” पुढच्या रांगेत सात-आठ वर्षांची दोन पोरं होती, तीही बोलली. त्यांना कुणी शिकवलं?

आणि एक — हे कुणाला सांगणार नाही. माझेही हात एकमेकांवर आले होते. मी ती उडी पाहिलेलीसुद्धा नाही.

शो सुटल्यावर मावशी जिन्याखाली उभ्या होत्या. गळ्यात मापाची टेप तशीच.

“नवी ऑपरेटर तूच ना? उडी कुठे गेली?”

म्हटलं, कॉपी कंपनीकडून अशीच आलीय.

“मग जुनं रीळ कुठेय?” आवाज चढलेला नव्हता. हरवलेली सुई विचारावी तसं विचारलं. मी म्हटलं, बघते.

सोमवार, १२ मे

काकांनी आज सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. स्वतःच केबिनमध्ये आले, स्टूल ओढून बसले.

शूटिंगच्या वेळी पुलावरून नदीत उडी मारायला कुणी तयार होईना. शहरातून आणलेल्या माणसाने पाणी पाहिलं आणि पाय मागे घेतला. तेव्हा पुलाला रंग द्यायचं काम चालू होतं. दोरीला लटकून रंग देणारा एक जण म्हणाला, मी मारतो. मावशींचा नवरा. नायकाचे कपडे घालून त्याने एका दमात उडी मारली. दोन्ही काठांना गाव जमलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“मग?”

“मग काय. वर आलाच नाही.”

तीन दिवस पाणबुडे शोधत होते. काही सापडलं नाही. मावशी तेव्हा पंचविशीच्या, मांडीवर वर्षाची मुलगी. कंपनीने सगळ्या प्रतींतून तो सीन काढून टाकला. पण पहिली प्रत इथे आली होती, ती परत गेलीच नाही. मालकाने दडपून ठेवली.

“पहिले काही आठवडे उडी आली की लोक रडायचे, ताई. नंतर एकदा कुणीतरी टाळी वाजवली. मग पडलीच ती पद्धत. आता निम्म्यांना माहीतही नाही की तो माणूस खरा होता आणि तो तिथेच गेला. सिनेमा आवडतो म्हणून येतात, उडी आवडते म्हणून टाळ्या वाजवतात.”

आणि मावशी?

“त्यांचं काय विचारता. तेवढाच तो हलता-बोलता दिसतो त्यांना. दुसरा फोटोही नाही घरात.”

हे ऐकल्यापासून केबिनमध्ये बसवत नाहीय. अडतीस वर्षं दर रविवारी एका माणसाच्या मरणाला टाळ्या. आणि त्या टाळ्यांच्या मध्ये त्याची बायको.

शुक्रवार, १६ मे

रीळ सापडलं. जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे. डब्यावर पेन्सिलीने ७ लिहिलंय. झाकण उघडल्याबरोबर आंबूस भपका आला. फिल्म आकसलीय, कडेची भोकं बऱ्याच ठिकाणी फाटलीत. जुनं मशीन चालतं अजून, पण ही फिल्म त्यातून फार तर दोन-तीनदा जाईल. मग संपली.

शनिवार, १७ मे

दुपारभर फिल्म हाताने पुढे सरकवत साफ केली. खाली दिवा, हातात भिंग, एकेक चित्र पुसत.

उडी सुंदर आहे. खोटं कशाला बोलू. हात पसरलेले, पाठ ताठ. पाण्यात शिरताना जेमतेम शिंतोडे. पुढचा शॉट दुसऱ्या काठावरून घेतलाय. दुसरा कॅमेरा तिथे लावला असणार. नायिका पुलावर कठड्याला धरून ओरडतेय. ओठांवरून कळतं, ‘आला का वर?’ हे वाक्य तिचंच. तिच्या तोंडावरून नजर हटत नाही.

मी पुसत होते म्हणून कोपऱ्यापर्यंत गेले. उजवीकडे, खाली, उंच गवतात काहीतरी काळं होतं. डाग समजून पुसलं. गेलं नाही. पुढच्या चित्रात ते जरा वर सरकलेलं. भिंग लावलं.

डोकं होतं. मग खांदे. मग गवताला धरून एक माणूस काठावर चढतोय. अंगाला चिकटलेला ओला शर्ट, नायकाचा. पायांत काही नाही. उभा राहतो. आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून झाडीत चालत जातो. पळत नाही. चालत.

तीन-चार सेकंदांचं काम आहे सगळं. सगळं गाव पाण्याकडे बघत होतं. मग अडतीस वर्षं सगळं थिएटर नायिकेकडे बघत होतं.

दिवा बंद केला. परत लावला. तो होताच.

रविवार, १८ मे

डिजिटलच लावला. टाळ्या झाल्या. “आला का वर?” सगळ्यांनी विचारलं आणि मी कानांवर हात ठेवले. उत्तर माझ्या टेबलावर डब्यात होतं.

मंगळवार, २० मे

कुणाला सांगू? काकांना सांगितलं तर दुपारपर्यंत गावभर होईल. मालकाला सांगितलं तर तो बाहेर पाटी लावेल.

मावशींना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमचा नवरा बुडाला नाही, उठून गेला? एवढी वर्षं एकटीने शिलाई मशीन चालवून मुलगी वाढवली. मुलगी परदेशात नर्स आहे, तिच्यासाठी बाप नदीत गेलाय. आणि मी, पंधरा दिवसांची ओळख, जाऊन म्हणू की नाही हो, गवतातून गेला?

आईला फक्त इतकं विचारलं — एखादी गोष्ट माहीत नसण्यानेच कुणाचं बरं चाललं असेल तर?

“तुला कसं कळलं बरं चाललंय ते?” ती म्हणाली, आणि शेंगा सोलत राहिली.

शनिवार, २४ मे

दुपारी थिएटर बंद असताना मावशींना बोलावलं. रीळ सापडलं, एवढंच सांगितलं होतं. चांगली साडी नेसून आल्या. रिकाम्या थिएटरात नेहमीच्या खुर्चीत बसल्या. मी वर जाऊन मशीन सुरू केलं.

उडी आली. टाळ्या नाहीत, त्यामुळे पाण्याचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला असेल त्यांना. मग नायिका. मी उजव्या कोपऱ्याकडे बघत होते. आता माहीत असल्यावर तो किती स्पष्ट दिसतो. एवढा मोठा पडदा, त्यावर हातभर माणूस, आणि दिसला नाही कुणाला!

“परत लाव,” खालून आवाज आला.

परत लावलं. मशीनमध्ये फिल्म करकरत होती.

“अजून एकदा.”

म्हटलं, मावशी, तुटेल.

“तुटू दे.”

तिसऱ्यांदा तो काठावर चढला, उभा राहिला, दोन पावलं चालला, आणि फिल्म तुटली. पडदा पांढरा झाला. नुसतीच तुटली नाही. तिथला हातभर तुकडा मशीनच्या गेटमध्ये, दिव्यासमोरच्या खाचेत, अडकून चुरा झाला. जोडायलाही काही उरलं नाही.

खाली गेले तर मावशी पर्सची चेन लावत होत्या. म्हणाल्या, “चांगलं दाखवलंस,” आणि गेल्या. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं.

रविवार, २५ मे

शो संपल्यावर राहवलं नाही. गल्लीत गेले. त्या कुणाच्या तरी पँटची शिलाई उसवत होत्या. दारातच उभी राहून सांगून टाकलं — मावशी, ते बुडाले नाहीत. उजव्या कोपऱ्यात, गवतातून वर येतात.

त्यांनी दोरा तोडला. “माहीत आहे. पहिल्याच शोला दिसला.”

मग तुम्ही दर रविवारी कशासाठी येत होतात?

मग पँट खाली ठेवून म्हणाल्या, “निघताना एकदा मागे वळून बघतो का, ते बघायला. बघत नाही, हे ठाऊक होतं गं. पण दर वेळी वाटायचं, आज बघेल.”