दुधातला मासा

पनवेल, ३ जानेवारी १९९४

ती. सौ. मितालीताईस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीपासून पत्र टाळतोय, कबूल. पेन घ्यायला बाहेर पडलो की पुलावर कुणीतरी भेटायचं आणि मी त्याच्याबरोबर थेट कर्नाळ्याला. तू ओळखतेसच मला. पण आज बसलोय, कारण अडलंय.

जासईला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात लागलो, हे आईने कळवलं असेल. इथे दर महिन्याला एकाने आपल्या मुलखाचं जेवण सगळ्यांना आणायचं. आमचे हेडक्लार्क दाजी गव्हाणचे, त्यांनी खाडीतल्या जिताड्याचं कालवण आणलं. शकीलने सांदणं आणली. माझी पाळी आली तेव्हा मी बोलून बसलो की ग्लासगोला बहिणीकडे पाच महिने राहून आलोय, तिकडचंच खिलवीन. सगळे फिदीफिदी हसले. दाजी म्हणाले की पोरा, तू उरणच्या पलीकडं गेला नाय, आमाला कशाला शेंड्या लावतो. तेव्हापासून मला ‘साहेब’ म्हणतात.

ताई, ही माणसं मला आवडतात. पहिल्यांदाच कुठे टिकावंसं वाटतंय. पण थापाड्या ठरलो तर मी इथूनही पळणार. लवकर सांग, काय नेऊ? ते मेंढीच्या पोटात भरलेलं, लोण्याची बिस्किटं, की दुधातला मासा? मला तर तिन्ही करावंसं वाटतंय!

राग खुशाल धर, माया पातळ करू नको.
तुझा विसू

ग्लासगो, १४ जानेवारी

चि. विसूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘टिकावंसं वाटतंय’ हे वाक्य यांना दोनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले की अक्षर विसूचंच आहे ना, नीट बघ.

मेंढीचं पोट सोड. तुझी मंडळी त्याला वजडी म्हणतील आणि मसाला कमी पडला म्हणून नावं ठेवतील. लोण्याची बिस्किटंच कर. मैदा, लोणी, साखर, बस्स. कृती मागच्या बाजूला आहे. वेलची घालायचा मोह आवर.

आणि दुधातला मासा चुकूनही नेऊ नको. तू इथे वाडगा चाटून पुसायचास, मी अजून हात लावत नाही. मासे खाऊन दूध प्यायलास म्हणून आईने घातलेला धपाटा विसरलास? अंगावर कोड फुटतं म्हणणारी माणसं ती, डबा फेकतील आणि तुलाही. या खेपेला टिक रे बाबा.

आमची आठवण आणि जेवणाची वेळ, दोन्ही सांभाळ.
मिताली

पनवेल, ३० जानेवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं अर्धंच ऐकलं! बिस्किटं मोहल्ल्यातल्या बेकरीच्या भट्टीत भाजून घेतली. काल डबा उघडला तर टायपिस्ट शशिकलाबाईंनी एक तुकडा मोडला आणि जाहीर केलं की ही नानकटाई, वेलची तेवढी विसरलाय. हशा पिकला. दाजींनी विचारलं की साहेब, ग्लासगो बेकरीच्या पुढं लागतं की मागं? माझे कान तापले. उठून चालतं व्हावं, परत येऊच नये, असं वाटलं. पिशवी उचलली, आणि तिच्यात दुसरा डबा होता.

हो, केला होता. शकीलच्या अम्मी, फहमिदाखाला, यांच्या चुलीवर रावस टांगून दिवसभर धुरी दिली. खाला मांजरांना चप्पल दाखवत बसल्या होत्या, पण दूध माझ्या देखत ओतू नको म्हणाल्या. म्हणून बटाटे, मासा आणि दूध अंगणात स्टोव्हवर उकळून घेतलं.

झाकण काढलं. एकच गिल्ला! शशिकलाबाई खुर्ची घेऊन खिडकीशी गेल्या. दाजींनी तोंडाला रुमाल लावून डब्यात डोकावून पाहिलं. मग असे हसले की चष्मा काढावा लागला. म्हणाले की थाप मारणारा मानूस बरं कायतरी रचून सांगतो, दुधात मासा कुनाला सुचनार नाय, पोरगं खरंच जाऊन आलंय! त्यानंतर काम बंद. बर्फ कसा पडतो, दिवस केव्हा मावळतो, सगळं विचारून घेतलं. मासा शकीलने एकट्याने खाल्ला, दोन वाडगे. दाजींनी फक्त बटाटे वेचले. आणि निघताना मला विसू म्हणाले, ताई, विसू!

थांब, दार वाजतंय.

चंद्रावतीकाकू आल्यात, दाजींच्या घरच्या! मी त्यांना आजवर पाहिलंही नव्हतं. एका हातात जिताडा, दुसऱ्या हातात दुधाची किटली. म्हणतात की माझ्या चुलीवर हे चढायचं नाय, पण बघितल्याबिगर मी जायची पन नाय. स्टोव्ह पेटवतो.

मायेत ठेव.
विसू